मोपा ते दिब्रुगड किती लांब? अंतर आणि विमानाचा वेळ स्वतः काढायची रीत

भाच्याला आसामात दुलियाजानला तेल कंपनीत नोकरी लागली आणि गोव्यात डिचोलीला आमच्या ताईच्या घरी एकच विषय सुरू झाला. दुलियाजानला जायचं तर दिब्रुगडला उतरायचं, आणि दिब्रुगड किती लांब? शेजारच्या मुलाने फोनवर बघून सांगितलं, अडीच हजार किलोमीटर. भाच्याचा मित्र म्हणाला, पावणेचार तास. तिकीट काढून देणाऱ्याच्या पडद्यावर साडेआठ तास दिसत होते. ताई तिघांकडे बघून म्हणाली, "तुम्ही तिघं एकाच गावाबद्दल बोलताय ना?"

एकाच गावाबद्दल बोलत होते आणि तिघांचंही बरोबर होतं. पहिला आकाशातलं सरळ अंतर सांगत होता, दुसरा विमान थेट गेलं तर लागेल तो वेळ, आणि तिसरा मधल्या मुक्कामासकट विमानतळ ते विमानतळ. ताईला हवा होता तो चौथाच आकडा: आपल्या उंबऱ्यावरून मुलाच्या उंबऱ्यापर्यंत किती तास. तो कुठल्याच पडद्यावर नसतो, आपणच काढावा लागतो. एक कागद, पेन आणि गुणाकार-भागाकार करणारा फोन एवढ्यावर तो निघतो. उदाहरण गोव्यातल्या मोपा विमानतळापासून दिब्रुगडचं घेतलंय, पण रीत कुठल्याही दोन विमानतळांना लागू पडते.

पहिली पायरी: कुठून उडणार ते ठरवा

गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. मुरगाव तालुक्यातला दाबोळी पोर्तुगिजांनी १९५०च्या दशकात बांधला. गोवा मुक्त झाल्यावर तो नौदलाकडे आला आणि आजही धावपट्टी नौदलाचीच आहे. पेडणे तालुक्यातल्या पठारावरचा मोपा, म्हणजे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, याचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ला झालं आणि ५ जानेवारी २०२३पासून तिथून प्रवासी विमानं सुरू झाली. तिकिटावर दाबोळीचा कोड जीओआय आणि मोपाचा जीओएक्स. फरक शेवटच्या एका अक्षराचा, आणि तिकीट शोधताना नुसतं 'गोवा' टाकलं की दोन्हींची विमानं एकाच यादीत येतात.

या एका अक्षराने मला चांगलाच हात दाखवलाय. जाताना मोपाहून गेलो, गाडी तिथेच पार्किंगला लावली, आणि येतानाचं स्वस्त तिकीट दाबोळीचं निघालं. चूक सर्वस्वी माझी. रात्री अकराला दाबोळीच्या बाहेर उभा राहून मी टॅक्सीवाल्याला मोपाचं भाडं विचारत होतो आणि तो माझ्याकडे दयेने बघत होता. दोन विमानतळांमधलं सरळ अंतर जेमतेम ४० किलोमीटर आहे, पण मधे झुआरी आणि मांडवी या नद्या आहेत. रस्त्याने ते साठच्या वर जातं.

दिब्रुगडच्या दृष्टीने मात्र या दोघांत काहीच फरक नाही. मोपाहून ते सुमारे २५४० किलोमीटर, दाबोळीहून २५६७. म्हणजे विमानाची दोन मिनिटं. तेव्हा विमानतळ निवडायचा तो घराकडे बघून. सासष्टी, केपे, काणकोणच्या माणसाला दाबोळी सोयीचा. पेडणे, बार्देश, डिचोली, सत्तरी आणि पलीकडच्या सावंतवाडी, दोडामार्गच्या माणसाला मोपा. पणजीवाल्याने तिकिटाचा दर बघावा. डिचोलीहून मोपाला जायला तासभर धरला की पुरे, म्हणून ताईसाठी मोपा.

दुसरी पायरी: अक्षांश-रेखांश उतरवून घ्या

फोनवरच्या नकाशात विमानतळावर बोट दाबून धरलं की दशांशात दोन आकडे दिसतात. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. दोन-दोन दशांश स्थळं आपल्याला भरपूर झाली.

मोपा: १५.७४ उत्तर, ७३.८७ पूर्व.
दिब्रुगड, म्हणजे तिथला मोहनबारी विमानतळ: २७.४८ उत्तर, ९५.०२ पूर्व.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात बरेच जण पडतात. पुस्तकांत हेच आकडे अंश-मिनिटांत असतात. दिब्रुगडचा अक्षांश तिथे २७ अंश २९ मिनिटे असा दिसेल. तो २७.२९ नव्हे. एका अंशात मिनिटं साठ, म्हणून २९ला ६०ने भागा: ०.४८. उत्तर २७.४८. ही चूक केलीत तर दिब्रुगड २१ किलोमीटर दक्षिणेला सरकेल.

तिसरी पायरी: पाटीवरचा हिशेब

शाळेत काटकोन त्रिकोण शिकलो होतो तो इथे कामाला येतो. एक बाजू उत्तर-दक्षिण, दुसरी पूर्व-पश्चिम, आणि आपल्याला हवा तो कर्ण.

उत्तर-दक्षिण बाजू सोपी. अक्षांशाचा एक अंश जगात कुठेही सुमारे १११ किलोमीटरचा असतो. २७.४८ वजा १५.७४ म्हणजे ११.७४ अंश. गुणिले १११, उत्तर १३०३ किलोमीटर.

पूर्व-पश्चिम बाजूला जरा डोकं लावावं लागतं. रेखांशाच्या रेषा ध्रुवांकडे जाताना एकमेकींच्या जवळ येतात, सोललेल्या मोसंबीच्या फोडींसारख्या. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश १११ किलोमीटरचा, गोव्याच्या अक्षांशावर तोच सुमारे १०७चा, दिब्रुगडला ९९चा. मग कुठला धरायचा? मधला. दोन अक्षांशांची सरासरी २१.६१ अंश, तिचा कोसाइन ०.९३. फोनचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की कोसाइनचं बटण दिसतं. रेखांशांतला फरक २१.१५ अंश. गुणिले ०.९३, गुणिले १११, उत्तर २१८३ किलोमीटर.

आता दोन्ही बाजूंचे वर्ग, बेरीज आणि वर्गमूळ. १३०३चा वर्ग १६,९७,८०९. २१८३चा वर्ग ४७,६५,४८९. बेरीज ६४,६३,२९८, आणि वर्गमूळ सुमारे २५४२.

गोल पृथ्वीचं सूत्र वापरून हेच अंतर २५४० येतं. अडीच हजारात दोन किलोमीटरची चूक, तीही पाटीवर. भारताच्या आतल्या प्रवासासाठी मी यापुढे जातच नाही. लंडन किंवा टोरंटोसाठी मात्र ही रीत फसते, तिथे खालचं सूत्र लागेल.

ज्यांना पक्कं उत्तर हवंय त्यांनी ते स्प्रेडशीटमध्ये मांडावं. दोन्ही अक्षांशांचे साइन एकमेकांना गुणा. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन एकमेकांना गुणून त्याला रेखांशातल्या फरकाच्या कोसाइनने गुणा. दोन्हींची बेरीज करा. आपल्या उदाहरणात ती ०.९२१५ येते. तिचा व्यस्त कोसाइन २२.८४ अंश. एका अंशाला १११.१९ किलोमीटर धरा, २५४० मिळतील. स्प्रेडशीट अंश ओळखत नाही, तिला रेडियन, म्हणजे कोन मोजायचं दुसरं एकक, लागतात. आकडे आधी रेडियनमध्ये बदलले नाहीत तर उत्तर भलतंच येतं. म्हणून नव्या सूत्रावर पहिल्यांदा ओळखीचं अंतर टाकून बघा. मोपा ते मुंबई सुमारे ३८७ किलोमीटर यायला हवं. ते आलं नाही तर दिब्रुगडच्या उत्तरावर विश्वास ठेवू नका.

विमानवाले किलोमीटरऐवजी सागरी मैल वापरतात. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, तेव्हा आपलं अंतर त्यांच्या भाषेत सुमारे १३७१.

एक गंमत करून बघा. घरात पृथ्वीचा गोल असेल तर गोवा आणि दिब्रुगड यांवर दोरा ताणून धरा. तो निजामाबादजवळून, रायपूरच्या दक्षिणेकडून, रांची आणि जमशेदपूरच्या मधून जातो, बांगलादेशात राजशाहीपाशी शिरतो आणि मेघालयातून आसामात उतरतो. म्हणजे सरळ रेषेचा बराच तुकडा दुसऱ्या देशावरून जातो. विमानाचा खरा मार्ग कधी त्या देशावरून, कधी सिलिगुडीकडून वळसा घेऊन, हे परवानगी, हवामान आणि वाहतूक यांवर ठरतं. सरळ अंतर आणि उडालेलं अंतर कधीच तंतोतंत जुळत नाही, त्याचं हे एक कारण.

चौथी पायरी: मधे कुठे उतरायचं

दिब्रुगडला जाताना गोवेकराला बहुतेक वेळा मधे विमान बदलावं लागतं. शोधयादीत दिल्ली आणि कोलकाता दोन्ही पर्याय येतात, आणि दर जवळपास सारखा असला की माणूस सवयीने दिल्ली निवडतो. इथेच दहा मिनिटांचा हिशेब तुमचा तास वाचवतो.

कोलकात्यावरून: मोपा ते कोलकाता १७१२ किलोमीटर, कोलकाता ते दिब्रुगड ८५२. बेरीज २५६४. थेट अंतरापेक्षा २४ किलोमीटर जास्त, म्हणजे काहीच नाही.

दिल्लीवरून: मोपा ते दिल्ली १४६५, दिल्ली ते दिब्रुगड १७६२. बेरीज ३२२७. जवळजवळ सातशे किलोमीटरचा फेरा.

मला यातलं भूमितीचं नवल जास्त वाटतं. कोलकाता आपल्या सरळ रेषेवर नाहीच. रेषेपासून ते १६० किलोमीटर बाजूला आहे. तरी वाढ फक्त चोवीसची. लांबच्या प्रवासात मधला थांबा थोडा आजूबाजूला असला तर फारसं बिघडत नाही. तो उलट्या अंगाला असला की महाग पडतो. दिल्ली गोव्याच्या सरळ उत्तरेला आहे, आपल्याला जायचंय ईशान्येला. आधी उत्तरेला चढायचं आणि मग काटकोनात पूर्वेला वळायचं, असा तो प्रवास होतो.

याचा अर्थ दिल्ली नेहमी वाईट असा नाही. तिथून विमानं जास्त, एक चुकलं तर दुसरं मिळायची शक्यता जास्त. पण दिल्लीला टर्मिनल बघून घ्या. टर्मिनल २ आणि ३ शेजारी आहेत, टर्मिनल १ काही किलोमीटरवर, आणि त्यासाठी बाहेर पडून बसने जावं लागतं. साठी ओलांडलेल्या ताईला हातात पिशवी घेऊन ते करायला लावणं मला पटलं नाही. त्यात डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं. कोलकात्यालाही आपले त्रास आहेतच. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर कालबैशाखीची वादळं उठतात, तेव्हा तिथलं विमान सकाळचं घ्यावं.

पाचवी पायरी: किलोमीटरांचे तास करा

देशातली बहुतेक मोठी विमानं एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७च्या कुळातली. वर पोचल्यावर त्यांचा हवेतला वेग ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास असतो. पण आपण मोजलेल्या सरळ अंतरापेक्षा विमान थोडं जास्त उडतं: उड्डाणाची दिशा वाऱ्यावर ठरते, मार्ग ठरीव बिंदूंवरून जातात, लष्करी क्षेत्रं टाळावी लागतात, उतरताना रांगेत फिरावं लागतं. हे चार-पाच टक्के गृहीत धरले की सरळ अंतराला ८००ने भागलेलं चालतं. सोपा आकडा आहे, तोंडी होतो.

त्यात ३५ मिनिटं मिळवा. दरवाजा बंद झाल्यापासून धावपट्टीवर जाणं, चढताना आणि उतरतानाचा कमी वेग, उतरल्यावर जागेवर येणं, हे सगळं त्या ३५मध्ये. दिल्ली-मुंबईसारख्या गर्दीच्या ठिकाणी आणखी १० मिनिटं.

मोपा ते कोलकाता: १७१२ भागिले ८०० म्हणजे २ तास ८ मिनिटे, अधिक ३५, एकूण २ तास ४३ मिनिटे.
कोलकाता ते दिब्रुगड: १ तास ४, अधिक ३५, एकूण १ तास ३९.
दोन्ही मिळून ४ तास २२ मिनिटे.

दिल्लीवरून हीच बेरीज जास्तीच्या १० मिनिटांसह ५ तास २२ मिनिटे होते. बरोबर तासभर जास्त. आणि कल्पनेतलं थेट विमान? ३ तास १० अधिक ३५, म्हणजे पावणेचार तास. भाच्याच्या मित्राचा आकडा हाच.

पंख्याचं विमान असेल, म्हणजे एटीआर, तर भाजक बदला. त्याचा वेग ताशी पाचशेच्या आसपास. अंतराला ४८०ने भागा आणि २५ मिनिटं मिळवा. छोट्या विमानतळांवर हीच विमानं जातात, आणि विमानाचा प्रकार न बघता हिशेब केला की वेळ कमी येऊन माणूस फसतो. तिकिटाच्या तपशिलात विमानाचा प्रकार लिहिलेला असतो.

हा आलेला वेळ वेळापत्रकातल्या वेळेच्या दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे असायला हवा. कंपनीचा वेळ त्याहून जास्त दिसला तर घाबरू नका; उशीर पचवण्यासाठी कंपन्या थोडी मोकळीक ठेवतात. म्हणूनच अर्धा तास उशिरा सुटलेलं विमान कधीकधी वेळेवर पोचतं आणि वैमानिकाला फुकटची शाबासकी मिळते. खरा वेळ बघायचा असेल तर फ्लाइटरडार२४सारख्या ॲपवर विमानाचा क्रमांक टाका, गेल्या काही दिवसांचं सुटणं-पोचणं दिसतं.

सहावी पायरी: वाऱ्याचा वाटा

हिवाळ्यात उत्तर भारतावर, साधारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. दिल्ली-दिब्रुगड रस्ता नेमका त्याच्या पट्ट्यात येतो. समजा वारा ताशी १५० किलोमीटरचा आहे, आणि हिवाळ्यात तो एवढा सहज असतो. जाताना विमानाचा जमिनीवरचा वेग ९८०, येताना ६८०. १७६२ किलोमीटरला जाताना १ तास ४८ मिनिटे, येताना २ तास ३५. अंतर तेच, विमान तेच, फरक पाऊण तासाचा.

जाताना वाचलं ते येताना गेलं, म्हणजे फिट्टंफाट, असं वाटतं. तसं होत नाही. वारा नसता तर दोन्ही मिळून सव्वाचार तास लागले असते, वाऱ्यात ४ तास २३ लागतात. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं, म्हणून तोटा नेहमी नफ्यापेक्षा मोठा. मांडवीच्या भरती-ओहोटीत होडी वल्हवणाऱ्याला हे कागदावर मांडून दाखवायची गरज नाही.

मोपा-कोलकाता दक्षिणेकडचा मार्ग, तिथे हा वारा मवाळ. पावसाळ्यात तर दक्षिण भारतावर खूप उंचीवर उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे वारा सुटतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये गोव्याला परतताना थोडी मदत होते. आपल्या हिशेबासाठी एवढं लक्षात ठेवा: हिवाळ्यात ईशान्येकडून परत येताना प्रत्येक टप्प्याला १५ ते २५ मिनिटं जास्त धरा, दिल्लीमार्गे असाल तर त्याहून अधिक.

सातवी पायरी: तिकिटावरचा वेळ जपून वाचा

तिकिटावर सुटण्याचा आणि पोचण्याचा वेळ असतो तो विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या ठिकाणी जागेवर थांबेपर्यंतचा. याला ब्लॉक टाइम म्हणतात. चाकं जमिनीपासून सुटून परत टेकेपर्यंतचा वेळ त्याहून कमी असतो.

ब्लॉक टाइम माहीत असण्याचा पैशांशीही संबंध आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत असतं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत प्रवाशाचे हक्क याच वेळेवर बांधलेले आहेत. अडीच तासांपर्यंतचा ब्लॉक टाइम असेल तर दोन तासांच्या उशिराला खाणंपिणं द्यावं लागतं; अडीच ते पाच तासांचा असेल तर तीन तासांच्या उशिराला. म्हणजे मोपा-कोलकाता विमान अडीच तास उशिरा असेल तर काउंटरवर भांडून उपयोग नाही, कोलकाता-दिब्रुगड असेल तर आहे. विमान रद्द झालं, कंपनीने वेळेत कळवलं नाही आणि कारण तिच्या हाताबाहेरचं नव्हतं, तर भरपाईही ब्लॉक टाइमनुसार: तासाभरापर्यंत ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५००, दोन तासांच्या वर १०,०००, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं जे कमी असेल ते. धुकं, वादळ ही कारणं यात बसत नाहीत.

करोनाच्या काळात मे २०२०पासून सरकारने देशातल्या भाड्यांना मर्यादा घातली होती, तीही किलोमीटरांवर नव्हे तर वेळेवर: चाळीस मिनिटांच्या आतलं उड्डाण, चाळीस ते साठ, असे सात गट. सरकारनेसुद्धा अंतर सोडून घड्याळच धरलं होतं.

आता मधला थांबा. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असतील तर सामान थेट दिब्रुगडला जातं आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय लावणं कंपनीच्या गळ्यात असतं. दोन वेगळी तिकिटं काढलीत तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त वेळेवर न आलेले प्रवासी. मी एकदा बाराशे रुपये वाचवायला असं केलं होतं. पहिलं विमान सव्वातास उशिरा आलं, पट्ट्यावरून बॅग येईस्तोवर दुसऱ्याचं काउंटर बंद, आणि नवं तिकीट साडेसात हजारांचं. त्यानंतर एका पीएनआरला मी दीड-दोन तासांचा थांबा चालवतो; वेगवेगळ्या तिकिटांना चार तासांच्या खाली जात नाही. देशांतर्गत विमानाचं काउंटर बहुतेक कंपन्या सुटायच्या ६० मिनिटं आधी बंद करतात आणि गेट २५ मिनिटं आधी.

आठवी पायरी: उंबरा ते उंबरा

आता ताईचा आकडा.

डिचोली ते मोपा १ तास. विमानतळावर आधी पोचायचं २ तास. पहिलं उड्डाण २ तास ४३. कोलकात्याला थांबा अडीच तास धरला. दुसरं उड्डाण १ तास ३९. दिब्रुगडला बॅग घेऊन बाहेर पडेस्तोवर अर्धा तास. तिथून दुलियाजान रस्त्याने दीड तास. बेरीज ११ तास ५२ मिनिटे.

बारा तास म्हणा. त्यातले विमानात बसून काढलेले साडेचारसुद्धा नाहीत. म्हणून उड्डाणाची दहा मिनिटं वाचवण्यापेक्षा थांब्याचा तास वाचवायला बघा, आणि तिकीट निवडताना 'सर्वांत कमी वेळ' हा पर्याय लावा. तो थांब्यासकट मोजतो.

नववी पायरी: सूर्य बघा

ही पायरी माझी मला फार आवडते आणि बहुतेक जण ती विसरतात. भारतभर घड्याळ एक, पण ते ८२.५ रेखांशाच्या सूर्यावर लावलेलं आहे. गोवा त्याच्या पश्चिमेला, दिब्रुगड बरंच पूर्वेला. सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटं लागतात. २१.१५ अंश गुणिले चार, म्हणजे ८५ मिनिटं. आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तेव्हा दिब्रुगडला तो उतरणीला लागून जवळजवळ दीड तास झालेला असतो. आसामच्या चहामळ्यांत यावर पूर्वीपासूनचा तोडगा आहे: मळ्याचं घड्याळ तासभर पुढे. त्याला बागान टाइम म्हणतात. भाचा सांगतो तिथल्या दुकानाच्या वेळा कळायला त्याला आठवडा लागला.

डिसेंबरात तर दिवसही लहान. गोव्यात तेव्हा सूर्य सहानंतर मावळतो. दिब्रुगडला साडेचारच्या आत. ताईला अनोळखी रस्त्याने अंधारात जायचं नव्हतं, म्हणून हिशेब उलटा केला. दुलियाजानला चारला पोचायचं, तर दिब्रुगड विमानतळावरून अडीचला निघायचं, दोनला उतरायचं, कोलकात्याहून सव्वाबाराच्या सुमारास सुटायचं, तिथे पावणेदहाला पोचायचं, मोपाहून सातला उडायचं. घरातून पहाटे चारला निघायचं. दहाचं आरामशीर विमान घेतलं असतं तर पोचायला सात वाजले असते, तिथे अंधार पडून अडीच तास झाल्यावर.

ताई म्हणाली, "चारला उठायचं नाही ना, निघायचं? मग तीनला उठेन. गणपतीच्या चवथीला मी रोजच उठते."

परतीचा हिशेब वेगळा करा, जातानाचा उलटा फिरवू नका. हिवाळ्यात वाऱ्यामुळे दोन्ही टप्प्यांना मिळून अर्धा-पाऊण तास जास्त लागेल. तिथे उजाडतं लवकर, तेव्हा पहाटे निघायला अडचण नाही; संध्याकाळी आपल्याकडे उतराल तेव्हा उजेडही असू शकतो. पण थांबा लांबला तर मोपाला रात्री दहा वाजतील. तेवढ्या रात्री डिचोलीला यायला गाडी आधीच सांगून ठेवा, आणि गाडीवाल्याला मोपा की दाबोळी ते दोनदा सांगा.